जुनं माळवदी घर: ओल घालवायची कशी, उन्हाळा गार करायचा कसा

दगडमातीचं माळवदी घर मुळात उन्हाळ्यासाठीच बांधलेलं असतं. दीड-दोन फुटांच्या भिंती, वर मातीचं छत म्हणजे माळवद, छतात उजेडा-हवेसाठी ठेवलेलं सानं. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन असलं तरी दुपारी आत पडून राहता येतं. तरीही आज लातूर, बीड, परभणीकडे अशा घरात राहणारे दोन तक्रारी सांगतात: पावसाळ्यात भिंतीला ओल आणि लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, उन्हाळ्यात आत बसवत नाही. विचारत गेलं की बहुतेक वेळा कारण एखाद्या जुन्या दुरुस्तीत निघतं. कुणी सानं बुजवलेलं असतं, कुणी माळवद उतरवून पत्रे टाकलेले असतात, कुणी भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारलेला असतो. घरासमोरचा रस्ताही दोनदा सिमेंटचा होऊन जोत्याच्या वर गेलेला असतो.

म्हणून नवीन काही बसवण्याआधी जुनं काय काढायचं ते ठरवा. कामाचा क्रमही पक्का ठेवा: आधी वजन आणि भिंतीचा भरवसा, मग पाणी, मग भिंत, मग छत, मग हवा, आणि शेवटी वीज. ओल्या भिंतीवर रंग आणि ओल्या खोलीत एसी, हे दोन्ही वाया जाणारे पैसे आहेत. ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त उष्णता आत सोडते. तिच्यातली ओल खोलीत उतरून हवा दमट करते, मग पंखा लावला तरी अंगाचा घाम वाळत नाही.

आधी भिंत उभी राहील का ते बघा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक अशाच घरांखाली. मातीत बसवलेल्या गोट्यांच्या भिंती दोन पापुद्र्यांच्या होत्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये मुरूम-खपल्या. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते, आणि वर अनेक वर्षं माती चढवत नेलेलं माळवद होतं.

हे वजन किती असतं त्याचा हिशेब करा. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट मातीचा थर म्हणजे साधारण साडेचार टन. थर दोन फुटांचा असेल तर नऊ टन, आणि पावसात भिजल्यावर त्याहून जास्त. गळतंय म्हणून दर वर्षी वर माती टाकायची आपल्याकडे रीत आहे. ती टाकताना खालची जुनी माती कुणी काढत नाही.

भिंतीशेजारी उभं राहून ओळंबा सोडा. भिंतीला पोट आलंय का, कोपरे सुटलेत का, चौकटीच्या वर तिरक्या भेगा आहेत का, बघा. मग तुळया आणि कड्या, म्हणजे छत पेलणारी आडवी लाकडं, यांची टोकं तपासा, कारण लाकूड कुजतं ते भिंतीत घुसलेल्या टोकाला. टोकदार सळई दाबा. सागाचं चांगलं लाकूड ती आत घेत नाही. अर्धा इंच सहज गेली, तर आत कूज किंवा वाळवी आहे.

पोट आलेली भिंत असेल तर पुढचं काहीही करण्याआधी स्थापत्य अभियंत्याला बोलवा. अशा घरांच्या मजबुतीसाठी भारतीय मानक १३९३५ आहे, त्याचं नाव घेऊन विचारा. त्यातला मुख्य उपाय असा: भिंतीत साधारण मीटरभर अंतरावर, एकाखाली एक न येतील अशी, आरपार भोकं पाडायची. त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना बांधले जातात. भोकं हातानं, हळूहळू दगड सैल करत पाडायची. ब्रेकर मशीन लावलं तर जी भिंत वाचवायची तीच हादरते. घर चांगल्या अवस्थेत दिसत असलं तरी हे काम करून घ्यावं, असं माझं मत आहे.

ओल कुठून येते ते शोधा

हे काम पावसाळ्यातच करायचं. श्रावण-भाद्रपदात भिंतींचे फोटो काढा आणि ओलीच्या कडेनं पेन्सिलची रेघ मारून तारीख लिहा.

खालून गुडघ्या-कमरेपर्यंत पट्टा असेल आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरी भुकटी दिसत असेल, तर पाणी जमिनीतून चढतंय. ती भुकटी म्हणजे लोणा. पाण्यातले क्षार भिंतीतून वर येतात, पाणी उडतं, क्षार तिथेच राहतात आणि गिलाव्याचे पोपडे काढतात. डाग वरून खाली येत असेल तर छत किंवा पन्हळ बघा. भिंतीच्या मधोमध एकटाच डाग असेल तर त्या जागी नळाची लाइन, पलीकडची न्हाणी किंवा बाहेरची भेग असते. कपाटामागे, कोपऱ्यात काळे ठिपके आले असतील तर ती बुरशी, आणि तिथे हवा फिरत नाही.

खात्री होत नसेल तर फूटभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. कागदाच्या मागे पाणी जमलं असेल तर ओल भिंतीतली आहे. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर ती हवेतली ओल, तिच्यासाठी भिंत फोडायची गरज नाही.

पाणी घरापासून लांब न्या

माझ्या मते निम्म्याहून जास्त घरांची ओल या एकाच टप्प्यात आटोक्यात येते, आणि यात खर्चही सगळ्यात कमी आहे. पण हे काम दिसत नाही. रंग दिसतो, म्हणून लोक रंगावर खर्च करतात.

सुरुवात पन्हळींपासून. माळवदाची पन्हळ भिंतीपासून किमान दीड-दोन फूट बाहेर यायला हवी आणि पाणी जिथे पडतं तिथे एखादा सपाट दगड हवा. नाहीतर शिंतोड्यांनी भिंतीचा खालचा हातभर भाग भिजत राहतो.

मग जोतं मोकळं करा. भिंतीला टेकून असलेले मातीचे ढीग, विटांची थप्पी, सरपण, उकिरडा, सगळं हलवा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा अर्धा-पाऊण फूट तरी खाली हवी. रस्ता वर गेल्यामुळे हे शक्य नसेल तर भिंतीलगत चर घ्यायचा. रुंदी फूट-सव्वा फूट, खोली आतल्या फरशीच्या खाली अर्धा फूट. पायाच्या खाली मात्र कधीही जायचं नाही. एका वेळी पाच-सहा फूट लांबीच चर खणा, भरा, मग पुढे सरका. सगळी भिंत एकदम उघडी केली तर मातीतला जुना पाया सरकू शकतो. चराच्या तळाला दर फुटाला पाव इंच उतार द्या, भोकं पाडलेला चार इंची पाइप टाका आणि वर मोकळी खडी भरा. वरून सिमेंटनं बंद करू नका. पाणी खाली जावं आणि भिंतीची ओल तिथून बाहेर पडावी, यासाठीच तो चर आहे.

घर काळ्या मातीवर असेल तर आणखी एक काळजी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते, आणि तिच्यासोबत पायाही हलतो. इथे खडीचा चर भिंतीला चिकटून घेऊ नका, पाणी पायाशीच मुरत राहील. चार-पाच फुटांचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरसबंद करा आणि चर त्या पट्ट्याच्या पलीकडे घ्या.

न्हाणीचं आणि मोरीचं पाणी शोषखड्ड्यात सोडा. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही संपवले. पुढे तोच प्रकार नांदेड पॅटर्न म्हणून गावोगाव गेला. चार फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे. खड्डा भिंतीपासून दहा फुटांवर तरी हवा आणि तळ मुरमाला लागायला हवा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खड्डा तुंबतो आणि मग लोक खड्ड्याला दोष देतात.

छताचं पाणी मात्र शोषखड्ड्यात घालवू नका. हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर पासष्ट हजार लिटर पाणी पडतं. वाया जाणारं वगळूनही पन्नास हजार लिटर हाती येईल. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या भागात हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, नंतरचं गाळून टाकीत किंवा बोअरजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात घ्या.

भिंतीला श्वास घेऊ द्या

इथे गवंड्याशी वाद होणार हे धरूनच चला. "काका, सिमेंट मारून टाकू, वीस वर्षं बघायचं काम नाही," असं तो म्हणेल. सिमेंट वाईट नाही, पण मातीत बांधलेल्या भिंतीला ते चालत नाही. या भिंतीत थोडी ओल नेहमी येणार आणि जाणार. सिमेंटचा गिलावा तिची बाहेर पडायची वाट बंद करतो, मग पाणी वर चढून गिलावा संपतो तिथे फुटतं. सिमेंट कमरेपर्यंत केलं की पुढच्या पावसाळ्यात ओल छातीपर्यंत दिसते, ती यामुळे. आतल्या बाजूचे वॉटरप्रूफ रंगही हेच करतात. भिंतीत रसायन टोचून ओल अडवायची पद्धत सलग, चांगल्या विटांच्या भिंतीत चालू शकते. गोट्या-मातीच्या पोकळ भिंतीत ते रसायन कुठे जाईल सांगता येत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

दिवाळीनंतर ओलीच्या रेघेच्या वर दोन-तीन फुटांपर्यंतचा सिमेंट गिलावा छिन्नीनं काढा. दगडांमधल्या दरजा इंचभर खरवडा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून घमेल्यात गोळा करा आणि लांब टाका. पाण्यानं धुतला तर क्षार परत भिंतीत जातात.

मग थांबायचं. जाड भिंत इंचाला एक महिना या हिशेबानं वाळते, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे दीड फुटाची भिंत पूर्ण वाळायला दीड वर्ष, पण निदान एक उन्हाळा तर द्यावाच लागतो. खालची भिंत उघडी ठेवून चैत्र-वैशाख जाऊ द्या आणि पक्का गिलावा पुढच्या हिवाळ्यात करा. घरात लग्नकार्य असेल आणि उघडी भिंत बरी दिसत नसेल, तर तात्पुरता मातीचा गिलावा द्या. तो क्षार ओढून घेतो आणि पुढच्या वर्षी काढून टाकता येतो.

मातीच्या गिलाव्यासाठी माती चाळून, भुसा आणि शेण घालून गारा करायचा, पाय घालून तुडवायचा आणि आठवडाभर कुजू द्यायचा. पांढरी माती चांगली, पण ती आणायला गावाच्या जुन्या टेकाडावर जाऊ नका. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरसारख्या गावांच्या अशा टेकाडात सातवाहन काळातल्या वस्तू सापडल्या आहेत. माळवदावरून उतरलेली माती चाळली तरी पुरते.

पक्का गिलावा चुन्याचा. कळीचा चुना विझवून किमान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवा. विझवताना तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, आणि मुलांना लांब ठेवा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, आणि वाळूचा काही भाग कमी करून त्या जागी सुर्खी, म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटेचा भुगा. सुर्खीनं चुना ओलीतही धरतो. एक थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. दोन थरांत आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि तोवर भिंतीवर ओलं पोतं ठेवा. माघातल्या कोवळ्या उन्हात हे काम छान होतं. मे महिन्यात केलं तर चुना धरायच्या आत वाळतो आणि भुगा होतो. शेवटी चुन्याची पातळ सफेदी, तीन-चार हात. वर डिस्टेंपर किंवा ऑइलपेंट नको.

बाहेरच्या दगडी भिंतीला गिलावा करूच नका. दरजा चुन्यानं भरल्या की पुरे. फरशीचं थोडक्यात: शहाबादी उचलून खाली चार इंच मोकळी खडी टाका, मग चुन्याचा पातळ थर, मग फरशी. खाली प्लास्टिक अंथरलं तर जमिनीतली ओल कडेला सरकून भिंतीत चढते.

छत

उन्हाळ्यातली सगळ्यात जास्त उष्णता वरून येते, म्हणून भिंती वाळेपर्यंत छताकडे वळा. काम होळीच्या आत संपवायचं.

माळवद असेल तर ते ठेवा, पण हलकं करा. आधी खाली टेकू लावा. मग माती थराथरानं, सगळ्या खोलीवर सारखी उतरवा. एका बाजूला ढीग घातला तर तुळई तिथेच मोडते. वर एका वेळी दोन-तीन माणसांपेक्षा जास्त नकोत. किलचणापर्यंत, म्हणजे मातीखालच्या फळ्यांच्या थरापर्यंत, पोचल्यावर कुजलेल्या फळ्या बदला आणि पाच-सहा इंचांची माती पन्हळीकडे उतार देऊन परत घाला. वर पत्रे टाकायचे असतील तर लोखंडी सांगाड्यावर, माळवदापासून फूट-दीड फूट उंच, दोन्ही बाजू हवेसाठी उघड्या ठेवून. पावसाचं काम पत्रा करतो, उन्हाचं माती करते, आणि मधून वारा जातो. सांगाड्याचे पाय भिंतीवर येऊ द्या, तुळईवर नकोत. पत्रा वाऱ्यानं उडणार नाही असा बोल्टनं आवळा, कारण वळवाचं वारं गावात कुणाचा ना कुणाचा पत्रा नेतंच.

माळवद आधीच गेलं असेल आणि डोक्यावर नुसता पत्रा असेल, तर खाली बांबूची तट्टी किंवा जिप्समचं छत द्या आणि दोन्हींमध्ये वीतभर मोकळी जागा ठेवून तिला दोन टोकांना जाळी लावा. काही जण पत्र्यावर तुराट्या-पळाट्या पसरतात. गारवा येतो, पण एका ठिणगीनं घर जातं. त्यापेक्षा फूटभर उंचीवर शेडनेट ताणा. साधा थर्माकोल आत लावायलाही माझा विरोध आहे, कारण आगीत तो वितळून खाली पडतो आणि विषारी धूर सोडतो.

स्लॅब असेल तर आधी गळती तपासा. पाण्याची तोंडं बंद करून दोन इंच पाणी एक दिवस तुंबवा. ही परीक्षा फक्त स्लॅबची, माळवदावर असं काही करू नका. भेगा भरून, उतार दुरुस्त करून वर पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक किंवा पांढरा परावर्तक रंग द्या. पैसे नसतील तर चुन्याची सफेदीही चालते, फक्त ती पावसात धुपते म्हणून दर होळीला परत मारावी लागते. पांढऱ्या गच्चीनं खालच्या खोलीत दोन ते चार अंशांचा फरक पडू शकतो.

हवा, मग वीज

बुजवलेलं सानं उघडा. वर चारी बाजूंनी जाळी आणि माथ्यावर काच किंवा छोटी पत्र्याची टोपी बसवली की पाऊस, मांजर, साप काहीच आत येत नाही आणि तापलेली हवा वरून निघून जाते. उन्हाळ्यात रात्री सगळं उघडं, सकाळी नवाच्या आत खिडक्या बंद. जाड भिंत रात्रीचा गारवा दुपारपर्यंत टिकवते. पावसाळ्यात उलट करायचं. ऊन पडेल तेव्हा खिडक्या उघडा, झड लागली की बंद करा, आणि स्वयंपाकघराचा पंखा भाकरी होईपर्यंत चालू ठेवा. कपडे घरात वाळत घालणं टाळा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

कूलर मे महिन्यात उत्तम, कारण तेव्हा हवा कोरडी असते. त्याच्यासमोरची खिडकी वीतभर उघडी हवी, नाहीतर तासाभरात खोली दमट होते. मृगाच्या सरी सुरू झाल्या की तो बंद करून ठेवा.

विजेत पहिलं काम सुरक्षेचं. ओल्या भिंतीत जुनी वायरिंग म्हणजे जीवाशी खेळ. गिलाव्याच्या आधीच वायरमनकडून नवीन लाइन, अर्थिंग आणि तीस मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. मग पंखे. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचा पंखा तीसच्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. चार पंख्यांचे किती ते आपल्या बिलावरचा दर धरून काढा. एसी घ्यायचाच असेल तर एकाच खोलीत, छत झाल्यावर, आणि चोवीसवर ठेवून.

सौर पॅनेल सगळ्यात शेवटी, कारण वापर कमी झाल्यावर लहान संच पुरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे तीस हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो आणि शंभर चौरस फूट जागा घेतो. पॅनेल माळवदावर ठेवू नका, परसात लोखंडी स्टँडवर उभे करा.

काम संपल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात भिंतीवर परत पेन्सिलच्या रेघा मारा. जुन्या फोटोंशी त्या ताडून बघा. थोडा लोणा पहिल्या वर्षी येणारच, तो झाडून काढा. रेघ मात्र पहिल्यापेक्षा वर गेली असेल तर गवंड्याला बोलवायच्या आधी पन्हळ आणि चर तपासा. तिथे बहुधा पाला अडकलेला असतो, किंवा शेजाऱ्यांची मोरी आपल्या भिंतीला लागलेली असते.